घरट्याकडे पाठ

पदूबाबांचा जीव ज्या गोष्टीत अडकलेला असायचा, तिच्याकडे ते कधी बघायचे नाहीत. म्हैस व्यायला झाली की गोठ्याकडे पाठ करून विडी ओढत बसायचे. बाजारात विळा घ्यायचा असला तर आधी अर्धा तास कोयते हातात घेऊन बघायचे. "आपन बगतो तिकडं धा जन बगतात," हे त्यांचं म्हणणं. हे शहाणपण मला पुढे फार महागात पडून समजलं.

मी कर्जतचा दातांचा डॉक्टर. घर भिसेगावात. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावून झालं की रविवारी मला आभाळाकडे बघावंसं वाटतं. म्हणून शिकारी पक्ष्यांचं चित्रण करायचा नाद लागला. कडावच्या पुढे एका बंधाऱ्यामागे नदी पसरून मोठी पाणथळ जागा झाली आहे. त्या डिसेंबरात पहिल्यांदा तिथे गेलो, तिपाई रोवली, कॅमेरा चढवला आणि भिंगाला डोळा लावला तर समोर नुसता काळोख. लेन्सच्या पुढे एक पोट उभं होतं.

"मोजनी कुनाची?" पोटाच्या मालकाने विचारलं. हेच पदूबाबा; तिथला बांध त्यांचा, पाण्यातल्या म्हशीही त्यांच्याच.

मी म्हटलं, मोजणी नाही, पक्षी बघतोय. यावर ते मनापासून हसले. आमच्या तालुक्यात तीन पायांचं काहीही घेऊन शेताच्या कडेला उभा राहिलेला माणूस पक्षी बघायला आलेला नसतो. तो जमीन घ्यायला, नाहीतर दुसऱ्याची स्वतःच्या नावावर करायला आलेला असतो. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, गाडीचा नंबर दोनदा वाचला आणि मग तासभर बांधावर बसून माझी राखण केली. मी थर्मासमधला चहा पुढे केला. "तुमी घ्या आदी," म्हणाले. मी एक घोट घेतला. तो पोटात जाईपर्यंत ते थांबले आणि मगच त्यांनी कप हातात घेतला.

असे चार रविवार गेले. दर वेळी केलेलं चित्रण त्यांना दाखवावं लागे. पक्ष्यात त्यांना रस नसे. मागे आपला बांध दिसतोय का, एवढंच ते तपासत. एकदा त्यांची दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. मी म्हटलं, दवाखान्यात या, फुकट काढून देतो. "फुकट म्हंजे मंग वाईच जास्तच ईचार कराया लागंल," म्हणाले आणि लवंग धरून बसले. मला त्यांचा राग यायचा. आणि रविवार उजाडला की कधी एकदा त्यांच्याकडून उलटतपासणी होतेय असंही व्हायचं.

जानेवारीत एका सकाळी ते आपण होऊन माझ्या शेजारी बसले. समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाले, "पाटीमागं जुना आंबा हाय. वळू नका! तांबडी घार बसलीय त्यावर. अंड्यावर."

पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची ही घार. त्यांच्या लहानपणी नदीवर अशा घारी पुष्कळ असत. पुढे नदीचं पाणी काळं यायला लागलं, मासे उलटे तरंगायला लागले आणि घारी गेल्या. पाणी थोडं निवळल्यावर दोनेक वर्षं एखाददुसरी दिसायला लागली होती. घरटं मात्र पंचवीसतीस वर्षांत हे पहिलंच. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली आला, की त्या घारीला ऐकू जाऊ नये अशीच काळजी असावी.

त्यांनी अटी घातल्या. आल्यावर अर्धा तास घरट्याकडे पाठ करून बसायचं. बोट दाखवायचं नाही. आणि जागेचं नाव बायकोलासुद्धा सांगायचं नाही. "पाखरू डोळं वळखतं, डाक्टर. त्याच्याकडं कोन बगत नसंल तर ते बी आपल्याला ढेकूळ समजतं." मी ढेकूळ झालो. फेब्रुवारीत पिल्लू दिसलं. नर पायात मासा धरून यायचा, मादी त्याचे तुकडे करून भरवायची. ते सगळं मी टिपलं. एवढा आनंद मला कुठल्याही पदवीने दिला नव्हता.

मग मी ती फीत मोबाइलवरून जगाला दाखवली. नाही, मूर्खासारखी नाही. डोंगर कापला, बंधारा कापला, नाव कुठेच दिलं नाही. आवाज तेवढा ठेवला, कारण त्यात एका जागी, मादी पंख पसरते नेमकं तेव्हा, लांबून पदूबाबांची हाक येते, "आवऽऽ गं चंद्रेऽऽ, आवऽऽ!" आमच्याकडे प्रत्येक म्हैसवाल्याची हाक वेगळी असते आणि पाण्यात बसलेली म्हैस आपल्या धन्याच्याच हाकेला उठते. ती हाक मला फार गोड वाटली. कापवेना.

चारच दिवसांनी, गुरुवारी, मी कळंबच्या रस्त्याला एका रिसॉर्टची जीप पाहिली. पुढच्या सीटवर पदूबाबा! मागे कॅमेऱ्याच्या पिशव्या. आणि रविवारी नदीवर गेलो तर बांधावर सहा गाड्या. आंब्यावर ड्रोन घोंघावत होता. मादी त्याच्यावर झेप घेत घेत लांब गेली, नर आधीच गेला होता. मी धावत जाऊन ओरडलो, भांडलो. तो ड्रोन खाली उतरेपर्यंत कावळ्यांनी घरटं गाठलं होतं.

पदूबाबा पाण्याच्या कडेला उभे होते. मी तणतणत त्यांच्यापुढे गेलो. "तुम्हीच दाखवलंत ना? गुरुवारी त्यांच्या जीपमध्ये बसलेलं पाहिलंय मी. मला बायकोला सांगू नका म्हणालात आणि स्वतः..."

ते वळले, आणि सगळ्यांच्या देखत मान वर करून सरळ त्या घरट्याकडे बघत राहिले. त्यांना तसं बघताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आता तिथे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला त्या रागात कळलं नाही.

कळलं ते पंधरा दिवसांनी, माझ्याच खुर्चीत. कडावच्या दूध डेअरीवरचे एक गृहस्थ दाढ भरून घ्यायला आले होते. चूळ भरून म्हणाले, "डाक्टर, तुमचं ते घारीचं पिच्चर लई भारी. रिसॉर्टवर दूध टाकाया गेलो तवा तिथला डायवर दाखवत व्हता. हाक ऐकली आन आमी समदे एकदम बोल्लो, हा तर पदूबाबा! म्हंजे घार त्याच्याच बांधावर असनार. त्याला नेला बी व्हता त्यांनी जीपमधी, जागा दाखव म्हनून. पन त्यो लई बेरकी. दिसभर भलत्याच तळ्यावर फिरवलान त्यांना! शेवटी त्याचा बांध त्यांनी आपनच हुडकला."

महिनाभर ज्या माणसाने माझ्यावर संशय घेतला, त्याचा संशय खरा होता. मी त्याच्यावर घेतलेला खोटा होता.

त्याच संध्याकाळी गेलो. पदूबाबा गुडघाभर पाण्यात उतरून एकेका म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला उठवत होते. सुजलेला गुडघा ओढत चिखलातून परत येत होते. मी विचारलं, "बाबा, हाक का मारत नाही?"

"नगं. तुमच्या त्या डब्यात गेलीया ती."

मी माफी मागितली. अक्षरशः हात जोडले. ती फीत काढून टाकली आहे, असंही सांगितलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"काडून टाकली, मंग ठिवली कुटं?"

मला रडू आलं. ते बघून ते जरा घोटाळले. मग म्हणाले, "च्या हाय का?" मी कप भरून दिला. या वेळी त्यांनी मला आधी घ्यायला लावलं नाही. एवढीच मला मिळालेली क्षमा, आणि ती माझ्या लायकीपेक्षा जास्त होती.

हाक मात्र त्यांनी पुन्हा कधी मारली नाही. पुढच्या पावसाळ्यात साध्या तापाने गेले. दाढ शेवटपर्यंत मला काढू दिली नाही.

या जानेवारीत त्यांच्या सुनेचा निरोप आला, "डाक्टर, रविवारी च्या प्यायला या." एवढाच. कारण नाही, खुलासा नाही. सासऱ्याच्या तालमीत तयार झालेली बाई. मी कॅमेरा घरी ठेवून गेलो. ती बांधावर भाजी निवडत बसली होती, तोंड डोंगराकडे. मीही डोंगराकडे तोंड करून शेजारी बसलो. मागून आंब्यावरून पिल्लाचा बारीक, चिरका आवाज येत होता. मान वळवायची इतकी इच्छा मला आयुष्यात कधी झाली नसेल.

तेवढ्यात एक गाडी थांबली. एक जण खाली उतरला, गळ्यात लांब भिंगाचा कॅमेरा.

"काका, इथे कुठे घारीचं घरटं आहे म्हणे?"

मी आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग गाडीचा नंबर दोनदा वाचला.

"घरटंबिरटं काही माहीत नाही," मी म्हटलं, "मी मोजणीला आलोय. जमीन वादातली आहे."