बारीक चाळणीतला गाळ

माझी आत्या डूख धरणारी बाई आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि तिला ते आवडतं.

आजोबा तळ्याच्या बंधाऱ्यावर दार सांभाळायचे. बंधाऱ्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गोडं पाणी. भरतीआधी दार लावायचं, ओहोटीला उघडायचं, एवढंच काम. एका वर्षी तळ्यातले सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. ज्या इंजिनिअरसाहेबांनी बंधारा बांधला होता त्यांनीच चौकशी केली आणि अहवालात लिहिलं की दारवाल्यानं एका भरतीला दार उघडं टाकलं आणि खारं पाणी आत शिरलं. आजोबांची नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आजोबा म्हणजे गरीब गाय. भांडले नाहीत. कुणी विचारो न विचारो, 'मी दार लावलं होतं' एवढंच म्हणत राहिले आणि नऊ वर्षांनी गेले. मासे मेले तेव्हा आत्या सतरा वर्षांची होती. तिनं साहेबांना त्याच दिवशी मनात जमा करून ठेवलं.

पुढे ती तळ्यांचा गाळ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. गाळात ऑस्ट्रॅकॉड नावाच्या जिवांची कवचं सापडतात. कोळंबीचेच भाऊबंद, पण खसखशीएवढे आणि दोन शिंपल्यांत मिटून बसणारे. गोड्या पाण्यातली जात वेगळी, खाऱ्यातली वेगळी. त्यामुळे कुठल्या काळी पाणी कसं होतं ते कळतं. आत्या गाळ धुवायची, चाळायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशच्या ओल्या टोकानं एकेक कवच उचलायची. वीस वर्षं हेच. मान कायमची वाकडी झाली.

मग एकदा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आमच्याच तळ्यात नळी खुपसून गाळ काढला. खाली बंधारा बांधतानाची दगडाची भुकटी, वर मेलेल्या माशांचा काळा थर, मध्ये वीतभर गाळ, म्हणजे बंधारा झाल्यापासून मासे मरेपर्यंतची वर्षं. आत्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या मधल्या गाळात तिला खाऱ्या पाण्यातली कवचं सापडली, पण सगळी पूर्ण वाढलेली. बाईंनी निष्कर्ष लिहिला की पिल्लं नाहीत, म्हणजे हे जीव इथे राहत नव्हते. दार उघडं राहिलेल्या एकाच भरतीच्या लोंढ्याबरोबर वाहत आले आणि पुढे किड्यांनी गाळ खालीवर केल्यानं खालच्या थरांतही गेले. साहेब तेव्हा निवृत्त होऊन प्रयोगशाळेच्या सल्लागार समितीवर होते. बैठकीत आत्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "बघ, तुझ्याच हातानं सिद्ध झालं."

घरी येऊन आत्या भिंतीकडे तोंड करून पडली. माझे वडील म्हणाले, जाऊ दे आता, त्या म्हाताऱ्या साहेबाचं काय घेऊन बसलीस. तिनं त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला.

खिडकीतल्या बरणीत तिनं असलेच जिवंत जीव पाळले होते. एका सकाळी पाणी बदलताना तिनं तळाचा कचरा सहज भिंगाखाली धरला, तर सगळा इवल्या इवल्या कवचांचा. हा जीव वाढताना आठ वेळा कात टाकतो. एकटा जीवसुद्धा मागे आठ लहान कवचं ठेवून जातो. हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. मग आपल्या तळ्याच्या गाळातली लहान कवचं गेली कुठे? तिनं कपाळावर हात मारला. लहान कवचांची जात ओळखणं फार जिकिरीचं म्हणून प्रयोगशाळेत फक्त जाड चाळणीतला गाळ वेचायची पद्धत होती. बारीक चाळणीत उरलेलं पुड्यांमध्ये बांधून कोठीत टाकायचे. त्या पुड्या तिनंच बांधल्या होत्या.

चार महिने तिनं त्या पुड्या वेचल्या. दगडाच्या भुकटीपासून वर, प्रत्येक थरात खाऱ्या पाण्यातली पिल्लं, सगळ्या वयांची. कात टाकत, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदलेली. म्हणजे बंधारा झाला त्या वर्षापासून समुद्र त्याच्या पायाखालून तळ्यात झिरपत होता, आणि खार साचत साचत एका वर्षी माशांना सोसवेना. आजोबांना नोकरी लागायच्या आधीपासून. पाया कच्चा होता आणि साहेबांना ते माहीत असणारच, असं आत्या म्हणते. मलाही तसंच वाटतं.

बाईंनी खळखळ न करता चूक कबूल केली आणि नवा लेख लिहिला. बंधाऱ्याला साहेबांचं नाव देण्याचा समारंभ पंधरा दिवसांवर आला होता. आत्यानं लेखाची पहिली प्रत साहेबांच्या घरी पाठवली, समितीची आठ दिवस मागे ठेवली. का, तर त्यांना आठ दिवस झोप लागू नये म्हणून. हे तिनं मला स्वतः सांगितलं, हसत.

साहेब काठी टेकत प्रयोगशाळेत आले. मी आत्याला डबा द्यायला गेले होते. मला त्यांची दया आली, हे कबूल करते. पायाबद्दलचं तेवढं एक वाक्य काढा, म्हणाले, मी तुमच्या घरी येऊन सगळ्यांसमोर माफी मागतो. आत्या ब्रश पुसत राहिली.

"तुझे वडील देवमाणूस होते," साहेब म्हणाले. "त्यांनी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही."

"खरं आहे," आत्या म्हणाली. "ते असते तर त्यांनी तुम्हाला चहा पाजून माफ केलं असतं. तुम्ही त्यांना जगू दिलं नाहीत. आता गाठ माझ्याशी आहे."