मिरगाची काकडी, कुवेतच्या अंगणात

लग्नानंतर रत्नागिरीहून कुवेतला निघाले तेव्हा आईने ट्रंकेत काकडीच्या बियांची पुरचुंडी घातली होती. उकाड्यात रात्री भाताबरोबर गार कोशिंबीर नसेल, तर आमच्याकडे त्याला कोणी जेवण म्हणत नसे. कुवेतच्या बाजारात काकडी मिळायची, पण बसऱ्याहून येऊन आठवडाभर पडलेली. ती चिरतानाच माझं डोकं फिरायचं.

मिरग लागला तसं मी अंगणात बी टाकलं. कोकणात वाढलेल्या माणसाला दुसरं सुचत नाही. पाऊस नसला म्हणून काय झालं, मिरग तो मिरग! कोंब वर आले आणि दुसऱ्या दिवशी पापडासारखे वाळले. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. मग मी रडले आणि यांना सांगून टाकलं, "पुढच्या उन्हाळ्यात माझ्या हातची काकडी पानात पडली नाही, तर मी बोटीने घरी जाणार."

हे शुवैखच्या बंदरात कारकून होते. एरवी माझ्या प्रत्येक वाक्यावर हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

जहरा गावच्या मळ्यांतून भाजी आणणाऱ्या म्हाताऱ्याला मी ही हकिगत सांगितली. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "जून में तो आदमी भी नहीं टिकता. सर्दी जाते ही डालो." फेब्रुवारी सरताना मी उरलेलं बी टाकलं आणि वर खजुराच्या झावळ्यांची सावली केली.

पाण्याची मात्र पंचाईत होती. प्यायचं गोडं पाणी टँकरने येई, तेही बेताचं. आंघोळ मचूळ पाण्याने करून शेवटी डोक्यावर दोन तांबे गोडं घ्यायचं, नाहीतर केसांचा काथ्या होई. वेलींनाही मी मचूळच घाली, तरी त्या तरारल्या. माझ्या हाताला गुण आहे, असं मी शेजारपाजारी सांगत सुटले. यांचे केस मात्र राठ होत चालले होते. मी चिडवून हैराण करायचे.

एका सकाळी लवकर जाग आली. बघते तर हे आपल्या वाट्याचे दोन तांबे वेलींच्या मुळाशी ओतताहेत.

"हे काय करताय?"

"तुझी बोट चुकवतोय," हे म्हणाले आणि तांब्या पालथा केला.

मे महिन्यात चार काकड्या निघाल्या. दिवेलागणीला गच्चीवर चटई टाकली. काकडी कोचवली, कांदा, मिरची, किसलेलं सुकं खोबरं घातलं, लिंबू पिळलं. मीठ अगदी शेवटी, पाणी सुटू नये म्हणून. यांनी घास घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मग?"

मी अख्खं वाडगं त्यांच्यापुढे सरकवलं.

सकाळी आईला पत्र लिहिलं: यंदा येत नाही. दुधीचं आणि पडवळाचं बी पाठव, आणि मिरगाची वाट बघत बसू नकोस. ते पत्र टाकायला हे निघाले, तेव्हा मी आधी त्यांना न्हाणीत बसवलं आणि माझ्या वाट्याचे दोन्ही तांबे त्यांच्या डोक्यावर ओतले.