पुन्हा गॅस नको

त्या हिवाळ्यात नेपरव्हिल या परदेशातल्या थंड गावातल्या आमच्या घरातला विषारी वायूचा अलार्म सारखा वाजायचा. नवऱ्याने वैतागून त्याची बॅटरीच काढून टाकली. मग मुलीचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा मी घाबरून टेक्निशियनला बोलावलं. घर गरम करणाऱ्या गॅसच्या फर्नेसला आतून तडा गेलाय आणि विषारी वायू घरात पसरतोय, असं सांगून त्याने ती लगेच बंद केली.

तरी नवरा म्हणाला, "नवी पण गॅसचीच घेऊ. इथल्या थंडीत इलेक्ट्रिकचा काय टिकाव लागणार?"

माझं डोकंच फिरलं. "पोरगी मरता मरता वाचली आणि तुला परत गॅस हवाय?"

मी त्याच्यासमोरच फोन करून घर गरम करायला गॅसऐवजी विजेवर चालणारा इलेक्ट्रिक हीट पंप ठरवला. घर आता छान उबदार असतं. पाहुण्यांना तो सांगतो, "आम्ही दोघांनी विचार करून इलेक्ट्रिक घेतलं," आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.