सुदृढ बालक स्पर्धेतली शिंक

मिलमालक शेठ दणदणीत शिंकले, रुमालाला नाक पुसलं आणि पहिल्या नंबरच्या बाळाला उचलायला हात पुढे केले.

सुरतेजवळच्या उधन्याच्या मिलमधली सुदृढ बालक स्पर्धा. मिलच्या दवाखान्याची डॉक्टर मी, म्हणून परीक्षकही मीच. गावभर फ्लूची साथ. स्पर्धा पुढे ढकला, असं लेबर ऑफिसरना मी आधीच सांगितलं होतं.

"अरे बेन, शरदी छे, शरदी! शेठची तारीख मिळालीय. मंडपवाल्याला काय सांगू?"

मोठ्यांना फ्लू म्हणजे ताप, अंगदुखी, थोडे दिवस कुरकुर. तान्ह्याचं तसं नाही. श्वासाची नळी चिमुकली, कफ थुंकता येत नाही, नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही. बघता बघता न्यूमोनिया. त्याच आठवड्यात जवळच्या लिंबायत वस्तीतलं एक लेकरू असंच माझ्या हातात गेलं होतं. डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

आणि इथे तान्ह्यांची रांग! पहिला नंबर खानदेशातून आलेल्या शेवंताच्या मुलाचा, तीन महिन्यांचा. नवरा मिलमध्ये लूमवर कामाला. आधीची दोन जगली नव्हती.

"डॉक्टरीनबाई, शेठ मना पोऱ्याले उचली लेतीन ना? फोटो निंघी?"

काय कपाळ सांगणार तिला! मी सरळ मध्ये घुसले. "शेठ, हात लावू नका. बाळाला लागण होईल."

"अरे, आशीर्वादसे कोई बीमार होता है?" शेठ हसले. मग सगळेच हसले, फोटोग्राफरसुद्धा.

माझं डोकं सणकलं. पण आवाज मऊ केला. "तसं नाही शेठ, काळजी तुमचीच वाटते. लहान मुलांकडून ही साथ फार लवकर पसरते. तुमच्या वयात छातीत उतरली तर अवघड."

यात खोटं काहीच नव्हतं. शेठचे हात हवेतच राहिले.

"छाती में?"

"मग काही सांगता येत नाही."

शेठ मागे सरले, लेबर ऑफिसर त्यांच्याही मागे. बक्षिसं टेबलावर ठेवली गेली. भाषण मोटारीच्या दारातून झालं.

"मना पोऱ्यानं काय बिघाडं?" शेवंता रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण बजावलं, "दूध पाजत राहा. खोकणाऱ्याच्या हातात देऊ नकोस, बाप असला तरी."

दुसऱ्या दिवशी सर्क्युलर निघालं: ताप असलेल्या कामगारांनी शेठच्या केबिनकडे फिरकू नये. पोरांबद्दल अक्षर नाही.

मुलगा साथीतून सहीसलामत निघाला. शेवंतानं मात्र होळीपर्यंत माझ्याशी अबोला धरला.

मी एवढंच शिकले: तान्हं बाळ वाचवायचं असेल, तर साहेबाला बाळाचं काही सांगू नये, साहेबाच्याच जिवाची भीती घालावी. पुढे नोकरीभर हीच मात्रा दिली. एकदाही वाया गेली नाही.