आमच्या पंचांची काडी

माझा घटस्फोट दोनदा झाला. पहिल्यांदा खारबावला, मामाच्या ओटीवर, अर्ध्या तासात. तीन वर्षांत मला पोर झालं नाही म्हणून नवऱ्याने सोडायचं ठरवलं आणि पाच पंच चटईवर येऊन बसले. त्यांचा म्होरक्या माझा सख्खा मामा. नवऱ्याने गवताची एक काडी मोडली, सगळ्यांनी स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या आणि मामीच्या हातचं मटण-भाकरी हाणून ढेकर देत गेले. दुसऱ्या दिवशी कागदावर भिवंडीच्या नोटरीचा शिक्का बसला. "सात पिढ्यांची रीत हाय आपली," मामा म्हणाला. "कोर्टात जातान ती येडी."

दोन महिन्यांत नवऱ्याने मानकोलीला बँड लावून दुसरं लग्न केलं. बापाची शेती गोदामवाल्यांना विकून गळ्यात जाड साखळी आली होती, तशीच नवी बायकोही आली. ती बाजारात दिसली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या ताटात जेवतेस, असं एकदा तिच्या तोंडावर म्हटलं. ती पिशवी उचलून पुढच्या दुकानात गेली. मला तो माज वाटला.

मी तेव्हा भिवंडीच्या एका शाळेत बालवाडी शिकवत होते. चार वर्षांनी तिथल्याच एका विधुर मास्तरांनी मला मागणी घातली. मला ते मनापासून आवडायचे. माणूस सरळ, म्हणाले, आधी कागद वकिलाला दाखवू. वकीलबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही, बाई. तुम्ही अजून त्याचीच बायको आहात."

चार वर्षं मी मोकळी म्हणून वावरत होते आणि दावं गळ्यात तसंच होतं.

रीत खरी असेल तर कोर्ट मानतं, असंही त्या म्हणाल्या. पण ती पूर्वापार चालत आली आहे, हे पंचांनी कोर्टात उभं राहून सांगायला हवं. मी पाचही दारं झिजवली. एकाला बीपी, एकाच्या घरी साखरपुडा, दोघांना तर काडी मोडल्याचंच आठवेना. मामा अकलोलीच्या गरम कुंडात गुडघे शेकायला गेला, तो लवकर वर आलाच नाही. मटण खाताना त्याचे गुडघे ठणठणीत होते.

उरला परस्परसंमतीचा रस्ता. दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, मग पुन्हा जाऊन सांगायचं की विचार बदललेला नाही. नवरा आधी हसला. "एकदा सोडली ना तुला, आता काय परत सोडू?" पहिलं लग्न कायद्याने टिकून असताना दुसरं करणं गुन्हा आहे, असं वकीलबाईंनी सुनावलं, तेव्हा सही कुठे करायची ते विचारू लागला. असल्या माणसासाठी मी तीन वर्षं उपास केले, याची आजही लाज वाटते.

शेवटच्या तारखेला तो नव्या बायकोला घेऊन आला. तिच्या कडेवर वर्षाचं पोर. न्यायाधीशांनी आम्हाला दोन-दोन प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत मी खरोखर सुटले. नवरा बाहेर जाऊन फोनवर मोठमोठ्याने बोलू लागला. ती बाकड्यावर माझ्याजवळ सरकली.

"ताई, तुमचा तं आज सुटला. मंग माझा लगीन कंदीपासून धरायचा?"

उत्तर मला सहा महिने माहीत होतं. ती त्याची बायको नव्हतीच, हे आठवून मला रोज गुदगुल्या व्हायच्या. आता तिच्या तोंडाकडे बघून माझी मलाच किळस आली.

"तुझा लागलाच न्हाय," मी म्हटलं. "पोराचा हक्क जात न्हाय, पन तुझा लगीन परत लावाया लागंल."

ती दाराकडे, फोनवर हसणाऱ्या त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हंजे मना सोडायला त्याला काडी पन नको?"

"तुला पन नको," मी म्हटलं.