कादंबरीतल्या आईची बाजू

अकरावी सुरू झाली आणि माझ्या मुलीला कॉलेजच्या फाटकातून आत जाता येईना. रिक्षा थांबली की तिचे हात गार पडायचे, श्वास अपुरा पडायचा, आणि कशीबशी आत गेलीच तर तास अर्धवट टाकून बाहेर पळत यायची. आधी आम्ही पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, नंतर मनाच्या. या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, ही भीती खरी आहे, नाटक नाही. जाईल, पण वेळ घेईल. औषध सुरू झालं, कॉलेज थांबलं.

माझ्या नवऱ्याचं गांधीबागेत पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. एका सकाळी दुकानात निघता निघता, चपला घालता घालता तो म्हणाला, "घरी राहून बाहेरून परीक्षा देता येते म्हणतात ना? मग पाहू ना आपण." एवढंच बोलून तो गेला. पण तोवर घरात कोणी हे शब्द उच्चारले नव्हते, आणि ते उच्चारल्यावर मनीषनगरच्या आमच्या त्या फ्लॅटमध्ये जरा हवा आल्यासारखं झालं.

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्या वर्षी नोकरी सोडली. मला वाटलं, मुलगी माझाच विषय घेईल, शिकवायला घरचीच बाई आहे. तिनं परदेशी बोर्डाची परीक्षा निवडली, आणि त्यात इंग्रजी साहित्य. त्या पेपरात नेमलेल्या पुस्तकांवर लांबलचक निबंध लिहायचे असतात, पुस्तक समोर न ठेवता.

"साहित्य काहून?" मी विचारलं.

"मले तेवढंच वाचता येते सध्या," ती म्हणाली. "दुसरं काही वाचलं तं डोक्यात जात नाही."

बाकीच्या दोन विषयांना ऑनलाइन शिकवणी लावली, ती ठीक चालली. साहित्याच्या शिकवणीचं मात्र जमलं नाही. त्या बाई तयार उत्तरं सांगत आणि ही मुकाट्यानं उतरवून घेई. एकदा मी तिला त्यातल्याच एका वाक्याचा अर्थ विचारला, तर म्हणाली, "माहीत नाही, पण मार्क मिळतात म्हणे." त्या दिवशी ती शिकवणी बंद केली. आता शिकवणार कोण? उरले मीच.

मला साहित्यातलं काही येत नव्हतं हे मी तिला आधीच सांगून टाकलं. बोर्डाच्या वेबसाइटवर जुन्या प्रश्नपत्रिका होत्या आणि परीक्षकांचे अहवाल होते. ते मी पोळ्या करायच्या आधी आणि नंतर वाचत बसायचे. प्रत्येक अहवालात एकच रड होती: विद्यार्थी गोष्ट सांगतात, मुद्दा मांडत नाहीत. मुलीचा पहिला निबंध पाहिला तर तोही तसाच. कादंबरीची अख्खी गोष्ट, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, सुवाच्य अक्षरात.

ती कादंबरी फार मोठी नव्हती. समुद्रकाठच्या गावात एक विधवा आणि तिची तरुण मुलगी मिळून प्रवाशांसाठी छोटं विश्रामगृह चालवतात. मुलगी लाजरी, कमी बोलणारी. पुस्तकाच्या मधोमध एक प्रसंग आहे. एक ओळखीचा माणूस मुलीला भेटायला येतो आणि आई दारातच त्याला सांगते, "ती झोपली आहे." मुलगी मात्र वर जिन्यावर बसून ते ऐकत असते. माणूस निघून जातो. पुढं पुस्तकात बरंच काही घडतं, पण आमचा मुक्काम त्या दारातच पडला.

मुद्दा कसा मांडायचा हे मला माहीत नव्हतं, पण प्रयोगशाळेत मुलांना क्षार ओळखायला शिकवण्यात माझी वर्षं गेली होती. तिथं मुलं नेहमी एक लबाडी करतात. क्षार कोणता हे शेजारच्याकडून आधी कळलेलं असतं, मग निरीक्षणं उलटी रचून लिहितात. न दिसलेला रंगही त्यांना दिसतो. मी तिला तेच सांगितलं. आधी नळीत काय दिसलं ते लिही. अनुमान त्याच्यानंतर.

"म्हणजे?"

"म्हणजे ती आई वाईट आहे की चांगली, हे आधी ठरवू नको. दारात ती काय म्हणाली, कसं म्हणाली, हात कुठं होता, एवढंच पाह्य."

तिला ते पटलं. आम्ही पानाच्या एका बाजूला दिसलेलं आणि दुसऱ्या बाजूला त्यावरून काय वाटतं ते लिहू लागलो. आईनं दार पूर्ण उघडलं नाही. आवाज चढवला नाही. मुलीचं नाव घेतलं नाही, ‘ती’ म्हणाली. माझी मुलगी म्हणाली, "नाव घेतलं असतं तं वरून ओ दिली असती तिनं." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि पुस्तक ओढून पुन्हा ते पान वाचलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे पाहून हसली.

पुढच्या वर्षी थंडीच्या दिवसांत सावनेरला माझ्या भावाकडे त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. येईन असं माझी मुलगी स्वतःहून म्हणाली. मांडवात ती बरी होती, मामे-मावस बहिणींशी बोलत होती. जेवताना माझी वहिनी वाढायला आली आणि हिच्यासमोर थांबून मायेनंच म्हणाली, "काहून वं पोरी, कॉलेज सोडलं म्हणते तू? एवढी हुशार होती."

मुलीनं मान वर केली. तेवढ्यात मीच बोलले, "पोटाचा त्रास होता ना वहिनी तिले. आता घरूनच करून राहिली सगळं. छान चालू आहे."

"मंग ठीक आहे," म्हणून वहिनी पुढं गेली. मुलीनं मान खाली घातली आणि भातावर वरण कालवत राहिली. जेवली नाही.

परतताना ती मागच्या सीटवर होती. सावनेर मागं पडलं, कोळशाचे ट्रक समोरून येत होते, नवरा सांभाळून गाडी चालवत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पोटाचं नव्हतं."

मी म्हणाले, "हो वं, पण सगळ्यांले कुठं सांगत बसायचं?"

"मी सांगणार होती."

"काय सांगणार होती?"

"ते तं मलेही माहीत नव्हतं. पण तोंड उघडलं होतं मी." मग जरा थांबून, "मी तिथंच बसली होती ना आई. जिन्यावर नव्हती."

नवऱ्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यानं कादंबरी वाचलेली नव्हती, त्याला जिना कोणता ते कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे टेबलाशी येऊन बसली आणि एक जुनी प्रश्नपत्रिका माझ्यापुढं सरकवली. त्यातला एक प्रश्न असा होता: या कादंबरीतली आई मुलीवर प्रेम करते, पण तिचा आदर करत नाही. तुम्ही कितपत सहमत आहात?

"हा लिहू आज," ती म्हणाली.

"लिही."

"तुझं काय मत आहे ते आधी सांग."

मी टाळलं नाही. मी त्या बाईची बाजू घेतली, आणि जरा जोरातच घेतली. म्हणाले, ती विधवा आहे, घरात परकी माणसं येतात-जातात, मुलगी जगाला घाबरते हे तिला रोज दिसतं. अशा वेळी दारात उभं राहून नाही म्हणायला कोणीतरी लागतं. आदर वगैरे गोष्टी सुचायला आधी माणूस निर्धास्त असावा लागतो. ती आई निर्धास्त कधी होती? पुस्तक लिहिणाऱ्यानं तरी तिला एखादा दिवस विसावा दिला का?

मुलगी ऐकत होती. "तू तिच्यासाठी भांडून राहिली," ती म्हणाली.

"हो."

"पण ती जागी होती आई. तेच तं आहे. आईले माहीत होतं ती जागी आहे."

"माहीत होतं हे कुठं लिहिलंय?"

तिनं पुस्तक उघडलं आणि शोधू लागली. मीही माझी प्रत उघडली. दोघी पानं उलटत राहिलो. शेवटी तिला एक ओळ सापडली. माणूस गेल्यावर आई दार लावते आणि जिन्याकडे न बघता, दोन कप काढून चहा टाकते. दोन कप. मी ती ओळ आधी वाचली होती, पण त्यातले कप मोजले नव्हते.

मी म्हणाले, "दोन कप म्हणजे प्रेमही झालं ना."

"हो, झालं," ती म्हणाली. "मग दोन्ही लिहिते."

तो निबंध तिनं दुपारपर्यंत लिहिला. त्यात माझी बाजू होती, माझ्यापेक्षा नीट मांडलेली, आणि त्यानंतर तिची. मी वाचला, आणि लाल पेन हातात होतं तरी कुठं टेकवलं नाही. पोटाच्या त्रासाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. पण पुढच्या वेळी शेजारच्या काकूंनी जिन्यात कॉलेजबद्दल तेच विचारलं, तेव्हा मी कुलपाशी उगाच खटपट करत राहिले. माझ्या मुलीनं अडखळत सांगितलं, "मले गर्दीत भीती वाटते काकू, म्हणून घरी शिकून राहिली." काकू म्हणाल्या, "अगं बाई, आमच्या लेकीलाही वाटायची," आणि बराच वेळ त्या दोघी जिन्यातच बोलत राहिल्या.

निबंध जमू लागले, पण खरी अडचण वेगळीच होती. परीक्षा घरी नव्हती. शहराबाहेरच्या एका शाळेनं बाहेरून बसणाऱ्यांना परवानगी दिली होती, म्हणजे पुन्हा फाटक, पुन्हा हॉल, पुन्हा अनोळखी मुलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सराव करा, थोडा थोडा. आमच्या घराजवळ एक अभ्यासिका आहे, तिथं स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली दिवसभर मान खाली घालून बसलेली असतात. कोणी कोणाकडे पाहत नाही. तिनं तिथं जागा घेतली. पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिकेची घडी न उघडताच बाहेर आली. मी खाली स्कूटीवर बसले होते. काही न विचारता घरी आणलं. नंतरच्या खेपेला एक परिच्छेद झाला. कधी अर्धा निबंध, कधी परत शून्य. उन्हाळा चढला, अभ्यासिकेतले कूलर घरघरू लागले, आणि ती म्हणाली की तो आवाज बरा पडतो, आपला श्वास आपल्याला ऐकू येत नाही. एक दिवस ती पूर्ण निबंध लिहून खाली आली आणि म्हणाली, "भूक लागली." आम्ही कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी तिखट होती की दोघींच्या डोळ्यांतून पाणी.

परीक्षेच्या सकाळी नवरा दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर आला. फाटकाशी ती थांबली. तिचे हात गार होते, मी धरले होते म्हणून मला माहीत. ती म्हणाली, "भीती वाटून राहिली." मी म्हणाले, "हो." ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग हात सोडवून घेतले आणि आत गेली. आम्ही दोघं समोरच्या कडुनिंबाखाली बसलो. नवरा म्हणाला, "बाहेर तं नाही येणार ना मधातच?" मी म्हणाले, "आली तं आली." फाटकाकडे मात्र आम्ही दोघंही टक लावून होतो.

ती सगळ्यांबरोबरच बाहेर आली. चेहरा उतरलेला, केस घामानं चिकटलेले. सुरुवातीला बराच वेळ हात चालला नाही, म्हणाली, म्हणून दुसरा निबंध आखूड झाला. आई आणि मुलीवरचा प्रश्न आला होता का, मी विचारलं.

"आला होता."

"मग?"

"दुसरा सोडवला. समुद्रावरचा."

समुद्रावर आम्ही एकही ओळ तयार केलेली नव्हती. "काय लिहिलं?" मी विचारलं.

"मनातलं लिहिलं. आता नको विचारू."

तिनं काय लिहिलं ते मला कधीच वाचायला मिळणार नाही. निकाल ऑगस्टमध्ये लागला. श्रेणी मधली होती, फार वरची नाही. तिला वाटत होतं तेवढीच, मला वाटत होतं त्यापेक्षा जरा कमी. आता ती इथल्याच एका कॉलेजात बीए करते. बहुतेक दिवस जाते. काही दिवस फाटकापासून परत येते, मग दुपारी पुन्हा निघते, किंवा निघत नाही. डॉक्टरबाईंकडे जाणं चालू आहे.

ती कॉलेजात असते तेव्हा घर फार शांत असतं. परवा मी ती कादंबरी पुन्हा वाचायला घेतली, या वेळी समुद्रासाठी. आणि वाचता वाचता दिसलं, की ज्या ज्या दिवशी आई बाहेर जाते, त्या त्या दिवशी लेखक समुद्राबद्दल एक शब्दही लिहीत नाही. संध्याकाळी ती आल्यावर मी तिला हे सांगितलं. ती दप्तर खुर्चीवर टाकून पाणी पीत होती. ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाली, "पान अठ्ठावन्नवर लिहिलं आहे ना पण. नीट पाह्य."

मी पाहिलं. लिहिलं होतं.