चावी मॅडमच्या पर्समध्ये

"मावशी, जरा बाहेर या. आणि हात पुसून या."

कढई तशीच सिंकमध्ये टाकून मी हॉलमध्ये गेले. सोफ्यावर मॅडमच्या मैत्रिणी बसलेल्या. मॅडमनी शोकेसमधून पत्र्याचा लाल डबा काढला. त्याला कुलूप, वर स्केचपेननं माझं नाव. डबा सगळ्यांसमोर हलवून दाखवत म्हणाल्या, "आमच्या मावशींना मी बचतीची सवय लावली. नाहीतर ह्यांच्या हातात पैसा टिकतो का!"

मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. घाम माझा, पैसे माझे, टाळ्या मॅडमना. मी आत जाऊन कढई घासली. बूड निघेल इतकी घासली.

हे डबे मॅडमच्या उलव्यातल्या सोसायटीनंच वाटले होते. क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम झाला. लहान मुलांना आणि आम्हा कामवाल्यांना थोडी थोडी बचत शिकवायची म्हणे. एक साहेब माईकवर सांगत होते, चहा कमी करा, रिचार्ज कमी करा. कुणाला सांगता बाबा? आमचा जन्म काटकसरीत गेला. मग डबे दिले, सगळ्यांना सारखेच. फक्त मुलांच्या चाव्या मुलांच्या गळ्यात घातल्या आणि आमच्या चाव्या मालकांच्या हातात ठेवल्या. आमचे डबेही त्यांच्याच घरी. "तुमच्या घरी नेले की महिन्यात रिकामे," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आम्हीपण हसलो. त्या हसण्याची मला आज चीड येते.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला बरंच वाटलं. आमची एकच खोली. आल्यागेल्यांपैकी कुणी ना कुणी हात पसरतंच, आणि मला नाही म्हणवत नाही. मॅडम दर महिन्याला माझ्या पगारातून हजार रुपये काढून डब्यात टाकायच्या. मी समोर उभी राहून बघायचे.

माझी प्रज्ञा बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागला. सोमवारपर्यंत पहिला हप्ता भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं कॉलेजनं सांगितलं. शनिवारी भांडी झाल्यावर मी मॅडमसमोर गेले.

"मॅडम, डब्यातले पैसे पायजे होते."

"कशाला?"

सांगितलं.

"नर्सिंग? झेपणार आहे का तिला? सगळं इंग्लिशमध्ये असतं. त्यापेक्षा माझ्या ओळखीत बाळ सांभाळायचं काम आहे, लगेच लावते तिला. ही बचत अडीअडचणीला आहे मावशी, अशी उधळायला नाही."

उधळायला! माझ्या पोरीचं शिक्षण म्हणजे उधळपट्टी. तेवढ्यात त्यांचा आरव आतून आला. नऊ वर्षांचा पोरगा. गळ्यातली चावी काढली, शोकेसमधला स्वतःचा डबा उघडला, हाताला आल्या तेवढ्या नोटा घेतल्या.

"मम्मा, बॅटसाठी घेतोय."

मॅडमनी मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही. "घे ना. तुझेच आहेत."

पोरगा गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याला कुणी 'कशाला' म्हणून विचारलं नाही. आणि मी, संसार ओढून पोरीला बारावी केलेली बाई, स्वतःच्या पैशांसाठी त्याच हॉलमध्ये भीक मागत उभी होते. माझ्या डोक्यात सणक गेली. शोकेसपाशी गेले, माझा डबा उचलला, काखेत मारला.

"मावशी! चावी माझ्या पर्समध्ये आहे."

"राहू द्या. चावी तुमची, पैशे माजे."

"ही चोरी आहे, कळतंय का?"

"बोलवा मग कुणाला बोलवायचं त्याला. वर नाव माजंच हाय. तुमच्याच हातचं."

चप्पल घालताना भीती वाटलीच. गेटवर रोज आमच्या पिशव्या तपासतात. वॉचमन मोहिते काकांनी डबा पाहिला. त्यांचा स्वतःचा डबा सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कपाटात आहे. केबिनमध्ये इंटरकॉम वाजायला लागला होता.

"ताई, काय हाय ह्ये?"

"माजे पैशे."

काकांनी डब्याकडे बघितलं, इंटरकॉमकडे बघितलं. तो तसाच वाजत ठेवून त्यांनी फाटक उघडलं.

घरी वरवंट्यानं कुलूप फोडलं. सोमवारी हप्ता भरला. प्रज्ञा आता नर्सिंगला जाते.

मॅडमचं काम गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरला, 'सावध राहा' म्हणून. आणखी दोन घरं सुटली. एका जागी बसवत नाही मला, उठते, भांडी लावते, परत काढते. शेजारीण म्हणते, माफी माग, काम परत मिळेल. कशाची माफी? बचत मी सोडलेली नाही. आता ज्या घरी काम धरीन तिथे पहिल्या दिवशीच सांगणार, पगार पूर्ण माझ्या हातात द्यायचा, पुढचं माझं मी बघीन.

परवा मोहिते काका डब्यातले पैसे मागायला सेक्रेटरींकडे गेले होते. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. "विचार करून सांगतो," म्हणाले सेक्रेटरी. मला हे सांगताना काकांची मान खाली होती. एवढा मिशीवाला माणूस, आणि मान खाली. मला ते बघवलं नाही.

उद्या रविवार आहे. साहेब, मॅडम सगळे घरी असतात. काका, मी आणि ज्यांचे डबे अजून वर मालकांच्या घरी आहेत त्या सगळ्या बाया जाणार आहोत. मला गेटवर अडवायला सांगितलंय म्हणे. गेटवर काकाच आहेत. चाव्या कुणी मागायच्या नाहीत, डबे उचलायचे, असं ठरलंय. वरवंटा मी पिशवीत घालून ठेवलाय.